बंगळुरूतील ठेव-घोटाळे : ओळखीची माणसे आणि बुडालेली बचत

बंगळुरूच्या शिवाजीनगर भागातील लेडी कर्झन रस्त्यावर 10 जून 2019 रोजी शेकडो माणसे एका बंद कार्यालयासमोर जमली होती. रमजान ईदच्या सुटीनंतर ‘आय मॉनेटरी अॅडव्हायझरी’ अर्थात ‘आयएमए’ या संस्थेचे दार उघडलेच नव्हते. संस्थेचा प्रमुख मोहम्मद मन्सूर खान याच्या नावाने, आत्महत्येची भाषा असलेली एक ध्वनिफीत मात्र भ्रमणध्वनींवरून सर्वत्र पोहोचली होती. खान त्यापूर्वीच दुबईला निघून गेला होता. काही आठवड्यांतच पोलिसांकडे दाखल झालेल्या तक्रारींची संख्या 40 हजारांवर गेली. 19 जुलै रोजी तो दिल्लीत परतला तेव्हा सक्तवसुली संचालनालयाने त्याला ताब्यात घेतले.

या घटनेला सात महिने होतात न होतात तोच, शहराच्या दक्षिणेकडील बसवनगुडी भागात तसेच दृश्य दिसले. रिझर्व्ह बँकेने 10 जानेवारी 2020 रोजी श्री गुरू राघवेंद्र सहकार बँकेवर निर्बंध लादले आणि प्रत्येक ठेवीदाराला केवळ 35 हजार रुपये काढण्याची मुभा ठेवली. येथे जमलेली गर्दी प्रामुख्याने निवृत्त शिक्षक, सरकारी कर्मचारी आणि वृद्ध दांपत्यांची होती. पुढे जुलै 2025 मध्ये पूर्व बंगळुरूतील राममूर्तीनगर येथे चिट फंड चालवणारे एक केरळी दांपत्य एकाएकी नाहीसे झाले. दोन दशकांहून अधिक काळ त्यांच्याकडे पैसे गुंतवणारे बहुसंख्य लोक मल्याळी होते आणि त्यांतील अनेकांची ओळख चर्चमधून झालेली होती. पोलिसांत तक्रार देणाऱ्यांची संख्या पाहता पाहता शेकड्यांत गेली.

शिवाजीनगर, बसवनगुडी आणि राममूर्तीनगर या एकाच शहरातील तीन वस्त्या असल्या, तरी त्यांची भाषा, धर्म आणि रोजचे जीवन परस्परांहून पुष्कळ भिन्न आहे. बसवनगुडीतील एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाने ‘आयएमए’त पैसे ठेवले असते अशी शक्यता फार कमी. शिवाजीनगरातील शिवणकाम करणाऱ्या महिलेने राममूर्तीनगरच्या चिट फंडाचे नावही ऐकले नसेल. परक्या वस्तीतील योजनेकडे जो माणूस सावध नजरेने पाहतो, तोच आपल्या वस्तीतील योजनेत आयुष्याची पुंजी ठेवतो. या तिन्ही प्रकरणांचे मर्म येथे आहे. अशा घटनांनंतर ‘लोकांचा लोभ नडला’ असा निष्कर्ष काढण्याची रीत आहे. तो निष्कर्ष सोपा आहे आणि बऱ्याच अंशी चुकीचा आहे.

‘आयएमए’चे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध मानले जाते. त्यामुळे बँकेतील मुदत ठेवीचा मार्ग अनेक श्रद्धाळू कुटुंबे टाळतात किंवा खात्यावर जमा झालेले व्याज दानधर्मात देतात. अशा कुटुंबांपुढे बचतीचे पर्याय मुळातच थोडे असतात. सोने, घर किंवा नातलगाच्या व्यवसायातील भागीदारी एवढेच ते काय. 2006 मध्ये सुरू झालेल्या ‘आयएमए’ने नेमकी ही उणीव हेरली. व्याजाऐवजी ‘नफ्यातील वाटा’ दरमहा खात्यात जमा होऊ लागला आणि तो साधारण अडीच ते तीन टक्के असे. संस्थेचे दागिन्यांचे भव्य दालन होते. शिवाजीनगरातील व्ही. के. ओबेदुल्ला सरकारी शाळेचे नूतनीकरण संस्थेच्या पैशातून झाले होते. एका मशिदीतील मौलवीलाही नंतर विशेष तपास पथकाने अटक केली. त्याने संस्थेची भलामण केली आणि मोबदल्यात घर स्वीकारले, असा आरोप होता. ज्याच्या पैशातून आपल्या मुलांची शाळा उभी राहिली, त्याच्याकडे ताळेबंद मागण्याचे धैर्य सामान्य गुंतवणूकदाराने कोठून आणावे?

आकडे मात्र मांडून पाहता आले असते. एक लाखावर दरमहा तीन हजार रुपये म्हणजे वर्षाला 36 टक्के. त्या काळी बँकांच्या मुदत ठेवींचा दर सात टक्क्यांच्या आसपास होता. या हिशेबाने सुमारे 33 महिन्यांत मूळ रक्कम ‘नफा’ म्हणून परत येते. यातच या धंद्याची खरी शक्ती आहे. खरा नफा होतच नसेल, तर नव्याने आलेल्या एका लाखातून 33 जुन्या गुंतवणूकदारांना एका महिन्याचा वाटा देता येतो आणि ते 33 जण पुढील महिनाभर संस्थेचे बिनपगारी प्रचारक होतात. त्यांच्या सांगण्यात खोटे काहीच नसते, कारण पैसे त्यांना खरोखरच मिळालेले असतात. अमेरिकेतील बोस्टन शहरात 1920 मध्ये चार्ल्स पोंझी याने स्थलांतरित इटालियन बांधवांसह हजारो लोकांना याच रीतीने गुंतवले होते. बर्नार्ड मेडॉफ याचा 2008 मध्ये उघडकीस आलेला प्रचंड घोटाळाही ज्यू धर्मादाय संस्था आणि क्लबांतील ओळखींवर पोसला गेला होता.

बसवनगुडीची कथा आणखी बोचरी आहे, कारण तेथे लोभाचा आरोप जवळजवळ टिकतच नाही. गुरू राघवेंद्र बँक ही रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली, 1999 पासून चालत आलेली नागरी सहकारी बँक होती. राष्ट्रीयीकृत बँकांपेक्षा ती दीड-दोन टक्के अधिक व्याज देत असे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आलेल्या माणसाला औषधपाण्याचा खर्च भागवण्यासाठी ते दीड-दोन टक्के महत्त्वाचे वाटावेत यात नवल नाही. मंत्रालयम येथील राघवेंद्र स्वामींचे नाव बँकेला होते, संचालक परिचित होते, शाखेत आपली भाषा आणि आपला आदर होता. ठेवी सुमारे 2,400 कोटी रुपयांच्या होत्या. मोजक्या बड्या कर्जदारांची थकलेली कर्जे लपवण्यासाठी बनावट खाती रंगवण्यात आली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. खातेपुस्तिका पाहून ठेवीदाराला हे कळणे शक्यच नव्हते. कळायला हवे होते ते लेखापरीक्षकांना आणि सहकार खात्याला.

निर्बंध आले त्या दिवशी ठेवीवरील विम्याची मर्यादा फक्त एक लाख रुपये होती. 1993 पासून ती वाढलेलीच नव्हती. मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आल्यापासून या मर्यादेविरुद्ध ओरड सुरू होती. 4 फेब्रुवारी 2020 पासून ती पाच लाख करण्यात आली. 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, निर्बंध लागल्यानंतर 90 दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन घालण्यात आले. लहान ठेवीदारांना यामुळे मोठा दिलासा मिळाला हे निःसंशय. पाच लाखांवरील ठेव असलेल्यांची, म्हणजे ज्यांनी निवृत्तीची सर्व रक्कम एकाच ठिकाणी ठेवली त्यांची, गणना मात्र वेगळी राहिली.

शिक्षण आणि प्रतिष्ठा यांचे कवचही फारसे कामास येत नाही. 2018 मध्ये बंगळुरूतच ‘विक्रम इन्व्हेस्टमेंट’ प्रकरण उजेडात आले तेव्हा क्रिकेटपटू राहुल द्रविड यांच्यासह नामांकित खेळाडूंची नावे गुंतवणूकदारांच्या यादीत आढळली. अटक झालेल्या मध्यस्थांत क्रीडा पत्रकारिता केलेली एक व्यक्ती होती. खेळाडूंचे जगही शेवटी एक वस्तीच आहे आणि तेथेही शब्द पोहोचतो तो परिचितांकडूनच.

या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित दुवा हा मध्यस्थाचा आहे. शेजारची महिला, विम्याचा प्रतिनिधी, भजनी मंडळातील किंवा प्रार्थनासभेतील सहकारी अशा कोणाकडून तरी पहिली माहिती येते. त्याला थोडे कमिशन मिळते. पण बहुधा त्याची स्वतःची बचतही त्याच योजनेत असते. संस्था बुडाल्यावर सूत्रधार परदेशी जातो आणि हा माणूस गल्लीतच उरतो. लोक पैसे मागायला त्याच्याच दारी येतात. तो आरोपी की पीडित, याचे उत्तर कायद्याला सहज देता येत नाही. तक्रार उशिरा होण्याचे एक कारणही येथेच आहे. पहिल्या हप्त्याला विलंब झाला तेव्हाच पोलीस ठाण्यात जावे, तर ज्याने नाव सुचवले त्या मेहुण्याची किंवा मित्राची अडचण होते, समाजाची बदनामी केल्याचा ठपका येतो आणि आपल्या तक्रारीमुळेच संस्था बुडाली असे इतर ठेवीदार म्हणतील ही भीतीही असते. ती भीती खोटी नाही. अशी योजना विश्वासावरच उभी असल्याने पहिल्या शंकेने ती कोसळू शकते. परिणामी सारे गप्प राहतात आणि त्या मुदतीत आणखी काही घरांचे पैसे आत जातात.

मराठी वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. नाशिकच्या ‘केबीसी’ कंपनीने काही वर्षांत पैसे तिप्पट करण्याचे आमिष दाखवले होते आणि गावोगावचे तरुण, शिक्षक तिचे प्रतिनिधी झाले होते. 2014 मध्ये प्रकरण फुटले तेव्हा संचालक सिंगापूरला पोहोचला होता. 2016 मध्ये परतल्यावर त्याला अटक झाली. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या बेळगावातही संगोळ्ळी रायण्णा यांच्या नावाने चालणाऱ्या पतसंस्थेचे ठेवीदार 2017 मध्ये रस्त्यावर उतरले होते. जानेवारी 2025 मध्ये मुंबईत ‘टोरेस’ या दागिन्यांच्या साखळीची दालने बंद झाली तेव्हा दादरच्या दुकानापुढे भाजीविक्रेत्यांपासून नोकरदारांपर्यंत सगळे उभे होते. गेल्या काही वर्षांत ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने दूरध्वनीवरून लुबाडणाऱ्या टोळ्यांची चर्चा अधिक होते आणि त्यांनी बंगळुरूतही कोट्यवधी रुपये लाटले आहेत. पण त्या प्रकारात समोरचा अनोळखी असतो, भय दाखवतो आणि पीडिताला निदान कोणाशी संबंध तोडावे लागत नाहीत.

मग शासनयंत्रणेने काय केले, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्राने 1999 मध्ये आणि कर्नाटकाने 2004 मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचे कायदे केले. घोटाळेबाजांच्या मालमत्तेवर टाच आणून विशेष न्यायालयामार्फत ती विकण्याची तरतूद त्यांत आहे. कायदा असूनही ‘आयएमए’ सुटत राहिली, कारण तिने कोणाकडून कागदोपत्री ‘ठेव’ घेतलीच नव्हती. प्रत्येक गुंतवणूकदाराला मर्यादित दायित्व भागीदारी संस्थेत भागीदार करून घेतले जाई. रिझर्व्ह बँकेने राज्य सरकारला सावध केले होते. त्यानंतरच्या महसूल खात्याच्या चौकशीत संस्थेला निर्दोष ठरवण्यात आले. घोटाळा फुटल्यावर, जुलै 2019 मध्ये, बंगळुरू नगर जिल्ह्याचे तत्कालीन उपायुक्त आणि एक सहायक आयुक्त यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. तपास नंतर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या विभागाने नोव्हेंबर 2020 मध्ये माजी मंत्री रोशन बेग यांना अटक केली. त्यांनी आरोप नाकारले आहेत.

पैसे परत मिळण्याच्या बाबतीत मेडॉफ प्रकरण विचारात घेण्यासारखे आहे. तेथील विश्वस्ताने 1,400 कोटी डॉलरहून अधिक रक्कम वसूल केली आणि त्यातील मोठा भाग, मूळ गुंतवणुकीपेक्षा जास्त उचललेल्यांकडून परत घेतलेला होता. आपल्याकडे ही कल्पना रुजवणे कठीण आहे. ज्याने तीन वर्षे महिन्याला ‘नफा’ खाल्ला आणि वेळेवर बाहेर पडला, तो स्वतःला चतुर मानतो. ती रक्कम शेजाऱ्याच्या खिशातून आली होती हे त्याला सांगणार कोण? तथापि जप्त मालमत्ता देण्याच्या मानाने तोकडी असते तेव्हा न्याय्य वाटप करायचे, तर या प्रश्नाला हात घालावाच लागेल.

केंद्र सरकारने 2019 मध्येच अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. अशा योजनांचा प्रचार करणे हाही त्यात गुन्हा ठरला आहे, ही मध्यस्थांच्या दृष्टीने महत्त्वाची सुधारणा होय. नातलगांकडून घेतलेले कर्ज त्यातून वगळले आहे, ते रास्तच आहे. त्याच कलमात आणखी एक अपवाद आहे. भागीदारी संस्थेच्या अथवा मर्यादित दायित्व भागीदारीच्या भागीदारांनी भांडवल म्हणून दिलेली रक्कम ‘ठेव’ या व्याख्येत येत नाही. ते भांडवल खरे की ठेवीला दिलेला मुखवटा, हे ठरवण्याचे काम पुन्हा त्या त्या राज्यातील सक्षम अधिकाऱ्याच्या टेबलावर येते.