भांड्यावरचं फूल अंगणातून घ्या

चाकावर केलेला पहिलावहिला वाडगा नीट वाळतो, पहिल्या भाजणीतून तडा न जाता बाहेर येतो आणि मग करणाऱ्याला प्रश्न पडतो, आता यावर काढू काय? मातीकामाचे वर्ग आता लहान शहरांतही निघाले आहेत आणि बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर एकच असतं. मोबाइल उघडायचा, ‘फ्लोरल डिझाइन’ शोधायचं आणि समोर येईल ती गुलाबाची नाहीतर कुठल्याशा परदेशी रानफुलाची वेल वाडग्यावर उतरवायची. दिवाळीच्या पणत्या रंगवणाऱ्या बचत गटांतही हेच चालतं. रेषा बिघडत नाहीत, रंगही बरे दिसतात. पण दहा जणींचे दहा वाडगे शेजारी मांडले तर कुठला कुणाचा हे करणारीलाही ओळखता येत नाही. माती तुम्ही मळली, आकार तुमच्या हातांनी दिला आणि वरचं फूल मात्र ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही असं. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. जे फूल तुम्ही हातात धरलं आहे, ज्याचा वास तुम्हाला डोळे मिटून ओळखता येतो, ते काढा. तगर, सदाफुली, जास्वंद, पारिजातक, तेरडा. चित्रकला येत नाही म्हणून मागे राहू नका. भांड्यावरच्या नक्षीला हुबेहूब चित्र लागत नाही. फुलाची ठेवण ओळखणारी नजर लागते आणि ती सवयीने येते.

जगातल्या मोठमोठ्या कुंभारांनीही सुरुवात नकलेनेच केली, हे खरं आहे. तुर्कस्तानात इझनिक नावाचं गाव आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथले कारागीर ऑटोमन दरबारासाठी निळी-पांढरी भांडी करू लागले, तेव्हा त्यांच्यासमोर आदर्श होता चिनी पोर्सलेनचा. चिनी कमळाच्या वेली, चिनी ढग त्यांनी आपल्या थाळ्यांवर गिरवले. काम उत्तम होतं, पण इझनिकचं नाव झालं ते पुढे, सोळाव्या शतकाच्या मध्यावर. सुलतान सुलेमानच्या दरबारातल्या चित्रशाळेचा प्रमुख कारा मेमी याने बागेतली खरी फुलं नक्षीत आणली. ट्यूलिप, कार्नेशन, हायसिंथ, गुलाब. इस्तंबूलमधल्या रुस्तम पाशा मशिदीच्या भिंतींवरच्या फरशा १५६०च्या सुमाराच्या आहेत, त्यांत ट्यूलिपची किती रूपं आहेत ते पाहावं. तेव्हापासून आजवर इझनिकची थाळी कुठल्याही संग्रहालयात लांबून ओळखू येते.

या थाळ्यांमधली एक गोष्ट मला फार आवडते. थाळी गोल, फुलांचे देठ लांब आणि सरळ. देठ काठाबाहेर जायला लागला की कारागीर तो मध्येच मोडलेला दाखवतो आणि फूल आत वाकवून घेतो. वाऱ्याने मोडलेला देठ बागेत कुणीही पाहिलेला असतो. त्या कारागिराने तो पाहिला, ध्यानात ठेवला आणि जागेची अडचण आली तेव्हा वापरला. निसर्गाकडून घ्यायचं म्हणजे काय, ते या मोडक्या देठाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. जयपूरची निळी भांडी नेहमीच्या कुंभारमातीची नसतात. गारेची म्हणजे क्वार्ट्झची भुकटी, काचेची पूड, मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक यांचा तो लगदा असतो. ही कला विसाव्या शतकाच्या मध्यावर जवळजवळ संपली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रोत्साहनाने ती पुन्हा उभी केली कृपालसिंह शेखावत यांनी, आणि ते शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार होते. बुडत्या कारागिरीला हात दिला तो बघायला शिकलेल्या माणसाने, याचं मला नवल वाटत नाही.

मुंबईचा इतिहास तर आपण विसरूनच गेलो आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली भांडी घडत होती. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्या चित्रांतली नक्षी या भांड्यांवर आली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही मुंबईची भांडी पाहायला मिळतात. मुंबईत राहून मातीकाम शिकणाऱ्यांनी एक रविवार तिथे घालवावाच.

आणि जमलं तर थेट अजिंठ्याला जा. मात्र तिथे गेल्यावर फक्त भिंतींकडे पाहू नका, मान वर करा. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यांची छतं चौकटींमध्ये विभागलेली आहेत आणि त्या चौकटींत फुलं, पानं, फळं, पक्षी भरलेले आहेत. चौकोनाच्या कोपऱ्यात कमळाचा देठ कसा वळवला आहे, उरलेल्या रिकाम्या जागेत कळी कशी बसवली आहे, ते वहीत टिपून घ्या. कमळ उचलायचं नाही, ते बसवण्याची युक्ती उचलायची. पैठणीच्या पदरावरची असावली, जुन्या देवळाच्या दारावरची दगडी वेल, हे सगळं याच नजरेने पाहावं. जुन्या माणसांनी जागेचा प्रश्न कसा सोडवला, ते समजून घ्यायचं आणि आपलं फूल घेऊन आपल्या भांड्याशी यायचं.

आता फूल पाहायचं कसं, ते सांगतो, कारण खरी मेहनत इथेच आहे.

एकच फूल घ्या. समोरून तर सगळेच पाहतात, तुम्ही ते उलटं करा. देठ पाकळ्यांना कुठे मिळतो, मागची हिरवी निदलं किती, ते पाहा. मग आडवं धरून बाजूने पाहा. कळी, अर्धं उमललेलं आणि पूर्ण उमललेलं, अशी तीन शेजारी ठेवा. पाकळ्या मोजा. तगरीच्या पाच पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या असतात, त्यामुळे फूल फिरल्यासारखं वाटतं. पारिजातकाच्या पाकळ्या पाच ते आठ, प्रत्येकीचं टोक दुभंगलेलं आणि मध्ये केशरी नळी. तेरड्याच्या फुलाला मागे बारीक वाकडी शेपटी असते. ती काढली नाही तर तेरडा ओळखू येणार नाही, आणि ती काढली तर बाकी तपशील वगळले तरी चालतील. प्रत्येक फुलात अशी एक खूण असते. ती सापडेपर्यंत पाहत राहणं, एवढंच काम आहे.

या बाबतीत कळलावीसारखी दुसरी वनस्पती नाही. पावसाळ्यात कोकणात, घाटात कुंपणाकडेला ती दिसते. तिच्या सहा पाकळ्या मागे उलटून वर उभ्या राहतात आणि कडांना लाटांसारख्या मुरडी असतात. त्याहून भारी तिची पानं. पानाचं टोक लांबत जाऊन त्याचीच तणावं होतात आणि ती शेजारच्या फांदीला विळखा घालतात. भांड्याभोवती वेल फिरवताना एका फुलाला दुसऱ्याशी कसं जोडावं, हा नेहमीचा पेच असतो. कळलावीने तो स्वतःच सोडवून ठेवला आहे. ती विषारी आहे, तेव्हा लांबूनच काढा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

कासच्या पठारावर गेलात तर तिथलं एकही फूल तोडू नका, पायवाट सोडू नका. वही न्या, तिथेच बसून काढा. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिची तुमच्या हातची रेखाटनं असतील तर मधली सहा वर्षं ती तुमच्या भांड्यांवर फुलू शकते.

रेखाटन पेन्सिलीने करू नका, कुंचल्याने करा. भांड्यावर शेवटी कुंचलाच चालणार आहे. रद्दीच्या कागदावर पाण्यात कालवलेली काव घ्या आणि एक पाकळी एका फटकाऱ्यात काढायचा सराव करा. टेकवा, दाबा, उचला. दाबलं तिथे पाकळी रुंद होते, उचललं तिथे निमुळती होते. याला कारणही आहे. पहिली भाजणी झालेलं भांडं सच्छिद्र असतं, ते कुंचल्यातलं पाणी क्षणात शोषून घेतं. त्यावर रेषा ओढत बसलात तर ती अडखळते आणि दिसतेही अडखळलेली. कमी फटकाऱ्यांत होणारं फूलच तिथे टिकतं. म्हणून कागदावर आधी वीस रेषांचं फूल काढा, मग दहाचं, मग सहाचं. सहा रेषांतही तेरडा तेरडाच राहिला की तो भांड्यावर न्यायला तयार झाला.

मग भांड्याकडे वळा. भांड्यालाही काठ, गळा, खांदा, पोट, बूड असतं आणि प्रत्येक जागेची गरज वेगळी. वाडग्याच्या आतल्या तळाला वरून दिसणारं गोल फूल बसतं, सदाफुली किंवा कमळ. खांद्यावरून फिरणाऱ्या पट्ट्यात बाजूने पाहिलेली फुलं आणि वेल शोभते. उंच निमुळत्या फुलदाणीवर बहाव्याचा लोंबता घोस सोडून पाहा. पण सगळं भांडं नक्षीने भरायचं नसतं, हे जुन्या कुंभारांकडून शिकावं. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे सापडलेली तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे पद्धतीची तांबडी भांडी पाहा. त्यांच्यावर नक्षी बहुतेक काळ्या रेषांची आणि भौमितिक, तीही नेमकी वरच्या भागात, जिथे नजर पडते तिथे. खालचा भाग मोकळा. आपण मात्र भांडं भरून टाकतो. थोडी जागा मोकळी ठेवायला घाबरू नका.

पाच पाकळ्यांची पाच फुलं समान अंतरावर हवी असतील तर कागदाची पट्टी भांड्याभोवती गुंडाळा, तिचे पाच समान भाग करा, पुन्हा गुंडाळून पेन्सिलीने खुणा करा. पेन्सिलीच्या खुणा भट्टीत जळून जातात.

रंगाबद्दल थोडं. जास्वंद लाल म्हणून भांड्यावरही लालच हवी, हा हट्ट सोडा. भट्टीत लाल रंग टिकवणं सगळ्यात कठीण. कोबाल्ट ऑक्साइड भाजण्याआधी काळपट दिसतं आणि नंतर गडद निळं होतं, लोहाचा ऑक्साइड तपकिरी देतो, तांब्याचा हिरवा. निळी जास्वंदसुद्धा जास्वंदच वाटते, तिचा बाहेर आलेला दांडा नीट काढला असेल तर. मात्र या ऑक्साइडांची भुकटी हाताळताना तोंडाला मास्क लावा, आणि ज्या ग्लेझमध्ये शिसं आहे ते खाण्यापिण्याच्या भांड्यांना कधीही लावू नका. बाजारातल्या साध्या मातीच्या भांड्यांवर ॲक्रिलिक रंगाने काम करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं की तो रंग भाजलेला नसतो. तो बाहेरच्या बाजूलाच ठेवा, अन्न लागेल तिथे नको.

ज्यांना कुंचल्याची भीती वाटते त्यांनी पानापासून सुरुवात करावी. थापलेली माती ओलसर असताना जाड शिरांचं पान पालथं, म्हणजे शिरा मातीकडे करून ठेवा आणि लाटणं फिरवा. पान उचललं की प्रत्येक शीर मातीत उतरलेली दिसते. पिंपळ, रुई ही पानं यासाठी चांगली. नाजूक पाकळ्या मात्र चिरडतात, त्यांचा ठसा येत नाही.

एक विनंती मातीकाम शिकवणाऱ्यांना. महिन्यातला एक वर्ग मोबाइलशिवाय घ्या. प्रत्येकाला घरून एक फूल आणायला सांगा आणि भांडं न करता नुसतं ते काढून घ्या. विद्यार्थी कुरकुरतील, पण पुढच्या भट्टीत फरक दिसेल. आणि विकण्यासाठी भांडी करणाऱ्यांना सांगणं आहे की दुसऱ्या कारागिराची नक्षी उचलून आपल्या नावावर विकू नका. तुमच्या दारात पुरेशी फुलं आहेत. कच्ची पणती, बोळकी, सुगडं हवी असतील तर ती गावच्या कुंभाराकडून घ्या, साच्यातली नको. हाताने फिरवलेल्या पणतीचा काठ किंचित वर-खाली असतो आणि नक्षी त्यावर जास्त खुलते.

सुरुवात कधी करायची, असं कुणी विचारलं तर भाद्रपदाइतका चांगला महिना नाही. गणपतीसाठी एकवीस प्रकारची पत्री घरोघरी येते. आघाडा, माका, धोत्रा, शमी, डोरली, कण्हेर, हादगा, मरवा. शहरात वाढलेल्या मुलांना ही पानं एरवी दिसतही नाहीत. यंदा पत्री आदल्या दिवशी आणा, रात्री जेवणं झाल्यावर सगळी पानं जमिनीवर मांडा आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातात एकेक कुंचला द्या. सकाळी ती पूजेला जातील, तोवर तुमच्या वहीत वर्षभराच्या भांड्यांची नक्षी जमा झालेली असेल.