दिवस मोजून दिवस टळत नाहीत

राजापूर तालुक्यातील नाटे हे जैतापूर खाडीच्या मुखाजवळचे, यशवंतगडाच्या सावलीतले गाव. कोकणातील अशा गावांत अनेक घरी पतिपत्नींचा सहवास पंचांगच ठरवते. चाकरमान्याला गणपती, शिमगा आणि मे महिन्याची रजा. मच्छीमाराला १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ. ‘आठ-दहा दिवसांत काय होणार आहे?’ हे वाक्य अशा घरांत सहज उच्चारले जाते आणि पुढच्या महिन्यात त्याची चिंता एकटी स्त्री वाहते.

काय होऊ शकते, हे शरीरशास्त्राने स्पष्ट केले आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम दिवसभर टिकते. पण पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणजे गर्भधारणेचे दिवस प्रत्येक महिन्यात साधारण सहा. दहा दिवसांच्या रजेत ते सहज सामावतात. इतकेच नव्हे, तर पती मुंबईला परतल्यानंतरही गर्भ राहू शकतो.

मग हे सहा दिवस टाळावेत, असे कोणी म्हणेल. अडचण अशी की, स्त्रीबीज मागच्या पाळीनंतर ठरावीक दिवशी सुटत नाही; ते पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. पुढची पाळी नेमकी केव्हा येणार, हे आधी कोण सांगणार? सव्वीस दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीला बाराव्या दिवसाच्या आसपास, तर पस्तीस दिवसांचे असलेल्या स्त्रीला एकविसाव्या दिवशी तो काळ येतो. आजारपणाने किंवा मानसिक ताणाने तो पुढे सरकतो. गणपतीत घरच्या सुनेला असते तेवढी धावपळ वर्षात दुसऱ्या कोणत्या दिवसांत असते?

अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रीला भीती नाही, हाही असाच अर्धवट समज. मूल सहा महिन्यांच्या आतले आहे, त्याला केवळ आईचेच दूध मिळते आहे आणि पाळी परतलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच तो आधार भरवशाचा. पाळी येण्यापूर्वीच स्त्रीबीज सुटते, म्हणून ‘पाळी आली की पाहू’ म्हणणारी जोडपी फसतात.

कोणतेही साधन न वापरणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे पंच्याऐंशी स्त्रियांना दिवस राहतात. ऐनवेळी दूर होणाऱ्यांत हे प्रमाण वीसच्या घरात, निरोध वापरणाऱ्यांत तेरा, रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांत सात. तांबी बसवलेल्यांत एकही पूर्ण नाही. गोळी वाईट नाही, पण ती विसरली जाते. निरोध चांगला, पण तो प्रत्येक वेळी वापरावा लागतो. ज्या साधनात रोजची आठवण नको, ते अधिक भरवशाचे. निरोध फाटला, तर बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, अशी आपत्कालीन गोळी असते. तिला नेहमीचा उपाय मात्र करू नये. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, संप्रेरकविरहित अशी स्वदेशी गोळी ‘छाया’ या नावाने सरकारी दवाखान्यांतून मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही ती चालते. तांबीने काहींचा रक्तस्राव वाढतो. रक्त कमी असलेल्या स्त्रीने आधी डॉक्टरांशी बोलावे.

असा विषय साप्ताहिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. याच जिल्ह्यातील मुरूडला जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता. त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, न्यायालयात खटले लढावे लागले. धर्माविषयीची त्यांची मते आपल्याला पटणारी नाहीत. पण गर्भधारणेचा भार स्त्रीचा आणि निर्णय इतरांचा, ही अनीती त्यांनी ओळखली होती, हे मान्य करायलाच हवे.

ती अजून संपलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. याला आणीबाणीही कारण आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. अनेकांवर उघड सक्ती झाली. त्या धसक्याने पुरुषांनी जे पाऊल मागे घेतले, ते अजून पुढे पडलेले नाही. सक्तीला विरोध करणे योग्यच होते. परंतु त्या विरोधाचे निमित्त करून पोट फाडून घेण्याची पाळी पत्नीवर आणायची, याला काय म्हणावे?

वस्तुतः बिनटाका पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येते आणि पौरुषावर तिचा परिणाम होत नाही. कुटुंब पूर्ण झालेल्या चाकरमान्याला ती मुंबईतच करून घेता येते. पत्नीला नाट्याहून कोठेही जावे लागत नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. शस्त्रक्रियेचा परिणाम तत्काळ होत नाही. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून डॉक्टरांनी निर्वाळा देईपर्यंत दुसरे साधन वापरावे. मे महिन्याच्या रजेवर जाण्यापूर्वी निर्वाळा हवा असेल, तर शस्त्रक्रिया जानेवारीतच करून घ्यावी लागेल.