अणुभट्टीचे शीतकजल आणि नियामकाचा अधिकार

अणुऊर्जा प्रकल्पांच्या शीतकजलव्यवस्थेची, म्हणजे भट्टीतील उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याच्या पुरवठ्याची, नियामक संस्थेने पुनःपुन्हा छाननी करणे अनावश्यक आहे असे मानणारा एक पक्ष आहे आणि त्यात जाणकार अभियंत्यांचाही समावेश होतो. या पक्षाचे म्हणणे असे की, धोका उद्भवताच नियंत्रक दांडे काही सेकंदांत गाभ्यात शिरतात व भट्टी बंद पडते, तेव्हा समुद्राचे वा नदीचे पाणी हा मुख्यतः वीजनिर्मितीचा प्रश्न आहे. शिवाय प्रकल्पाची खडानखडा माहिती चालकालाच असल्याने बाहेरच्या तपासनिसाच्या शंकांमुळे कागद आणि खर्च तेवढा वाढतो. हा युक्तिवाद सयुक्तिक भासतो, पण त्याचा पहिला दुवाच कच्चा आहे.

दांडे शिरल्यावर विखंडनाची साखळी थांबते. विखंडनातून निर्माण झालेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा ऱ्हास मात्र चालूच राहतो आणि त्यातून निघणाऱ्या उष्णतेला अवशिष्ट उष्णता म्हणतात. भट्टी बंद होताक्षणी ती पूर्ण औष्णिक क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते व दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. अर्धा टक्का क्षुल्लक वाटेल. परंतु ३००० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत तो सुमारे १५ मेगावॉट भरतो, आणि ही उष्णता अखेर समुद्रात, नदीत किंवा हवेत नेऊन सोडणारी व्यवस्था तुटली तर बंद भट्टीतले इंधनही तापत जाते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा दाइनी प्रकल्पात नेमके हेच घडू पाहत होते. शेजारच्या दाइइची प्रकल्पाच्या दुर्घटनेमुळे दाइनीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. येथे चारही भट्ट्या बंद झाल्या होत्या आणि बाहेरून येणारी एक वीजवाहिनीही शाबूत होती. तरीही त्सुनामीने समुद्रकाठचे पंप बुडवल्यामुळे चारपैकी तीन भट्ट्यांची उष्णता समुद्रात सोडण्याचा मार्ग खुंटला. कर्मचाऱ्यांनी सुमारे ९ किलोमीटर जाडजूड केबल हातांनी ओढून टाकली, निकामी मोटारी बदलल्या, तेव्हा कुठे संकट टळले. भट्टी बंद म्हणजे भय संपले, हे मत यापुढे टिकणारे नाही.

चालकालाच सर्व ठाऊक असते, या दुसऱ्या आक्षेपाला अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या फोर्ट कॅल्हून प्रकल्पाचे प्रकरण उत्तर देते. मिसूरी नदीला मोठा पूर आल्यास पाणी उपसणाऱ्या पंपांच्या इमारतीच्या पूरदारांवर वाळूची पोती रचायची, अशी तेथील योजना होती आणि ती वर्षानुवर्षे कागदावर निर्धोक दिसत होती. नियामक आयोगाच्या तपासनिसांनी प्रत्यक्ष दारे पाहिली, तेव्हा दाराची वरची कड अवघी अर्धा इंच रुंद असल्याचे आढळले. तेवढ्या कडेवर पाच फूट पाणी अडवील अशी पोत्यांची रास उभी राहणे शक्यच नव्हते. चालक कंपनीने हा निष्कर्ष अमान्य केला, तरी ऑक्टोबर २०१० मध्ये आयोगाने त्याला ‘पिवळी’, म्हणजे चार श्रेणींतील दुसऱ्या क्रमांकाची गंभीर श्रेणी दिली. पुढच्याच उन्हाळ्यात मिसूरीच्या पुराने प्रकल्पाला वेढा घातला. ते पाणी पोत्यांची गरज पडावी इतके चढले नाही, त्यामुळे तपासणीनेच अपघात टळला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु रोज त्या दारांजवळून जाणाऱ्यांना न दिसलेली उणीव परक्या नजरेला दिसली, हे नाकारता येत नाही.

आराखड्याला एकदा मान्यता मिळाल्यावर पुन्हा तपासणी कशाला, असेही विचारले जाते. आराखडा कागदावर तसाच राहतो, नदी मात्र तशी राहत नाही. १ डिसेंबर २००९ रोजी फ्रान्समधील क्रुआस प्रकल्पात ऱ्होन नदीतून वाहत आलेल्या पाणवनस्पतींनी पाणी घेण्याचा मार्ग तुंबवला आणि एका भट्टीची अत्यावश्यक शीतकजलव्यवस्था काही तास बंद पडली. त्यासाठी भूकंप लागला नाही, त्सुनामीही लागली नाही.

भारतात ३१ मार्च १९९३ रोजी नरोरा येथे आगीत केबली जळून सुमारे १७ तास वीज गेली असता, कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांचे पाणी बाष्पजनित्रांत सोडून भट्टीची उष्णता काढली. त्यांचे प्रसंगावधान निःसंशय वंदनीय आहे, पण प्रसंगावधानावर परवाना देता येत नाही. फुकुशिमानंतर भारतीय प्रकल्पांत बाहेरून पाणी जोडण्याची सोय करण्यात आली, हे योग्यच झाले. मात्र ती सोय वेळेवर चालते की नाही, हे चालकापासून स्वतंत्र असलेल्या संस्थेने पाहिले पाहिजे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाले व अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिले. त्या आयोगाचे अध्यक्षच प्रकल्प चालवणाऱ्या अणुऊर्जा विभागाचे सचिव असत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात या दुय्यम स्थानावर नेमके बोट ठेवले होते. नियामकाला कायद्याचे बळ देणे ही पहिली पायरी होय. त्यापुढे तारापूरसारख्या, १९६९ पासून अरबी समुद्राचे पाणी घेणाऱ्या प्रकल्पाच्या पंपगृहात तपासनिसाने काय पाहिले, चालकाने त्यावर काय हरकत घेतली आणि ती का मान्य वा अमान्य झाली, हे पालघरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला मराठीत वाचायला मिळाले पाहिजे.