प्रत्ययाआड लपलेला कर्ता

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या पोरापोरींना शब्दसिद्धीचा धडा तोंडपाठ असतो. उपसर्गघटित शब्द ओळखा, प्रत्ययघटित ओळखा, गुण घ्या, पुढे चला. या धड्यात आपली हकिकतही दडली आहे, ती मात्र कोणी शिकवत नाही.

'अस्पृश्य' हा शब्द फोडून बघा. 'अ' हा नकाराचा उपसर्ग, 'स्पृश्' हा धातू आणि शेवटी 'य'. गोम या 'य'मध्ये आहे. पूज्य म्हणजे पूजेस योग्य, त्याज्य म्हणजे टाकण्यास योग्य. मग अस्पृश्य म्हणजे स्पर्श करण्यास योग्य नसलेला! म्हणजे दोष शिवायला नकार देणाऱ्याचा नाही, समोरच्या माणसाचा. त्यावर आणखी 'ता' चढवला की 'अस्पृश्यता' तयार. जणू मधुरता, कोमलता यांसारखा अंगभूत गुणच.

'बहिष्कृत' शब्दाची घडण वेगळी आहे. त्यातला 'कृत' सांगतो की हे कोणीतरी केलेले आहे. ऐकताच प्रश्न पडतो, बाहेर कोणी काढले? बाबासाहेबांनी 1924 साली सभा काढली ती 'बहिष्कृत हितकारिणी', 1927 साली पत्र काढले ते 'बहिष्कृत भारत'. लेखनात त्यांनी 'अस्पृश्य' शब्दही वापरला, पण नाव देताना निवडला तो हा. ही निवड मला सहज झालेली वाटत नाही. दलित, शोषित हे शब्द याच घडणीचे. आणि 'वंचित'? आपण तो 'काही न मिळालेला' अशा अर्थाने वापरतो, पण 'वंच्' म्हणजे फसवणे. वंचित म्हणजे फसवला गेलेला!

याउलट 'मागासलेला' बघा. मागासणे ही ज्याची त्याने करायची क्रिया. 'मागे ठेवलेला' म्हटले की ठेवणारा आलाच. प्रत्यय दोन्हीकडे 'लेला'च, पण क्रियापद बदलले की आरोपी बदलतो.

तरीही 'दलित' काय, 'बहिष्कृत' काय, कर्त्याकडे बोट दाखवतात, त्याचे नाव घेत नाहीत. त्यासाठी मराठीचा साधा 'णारा' आहे. बातमीच्या मथळ्यात मार खाणाऱ्याची जात असते आणि मारणारा मात्र नुसता 'जमाव' असतो. तहसीलदाराला द्यायच्या आपल्या निवेदनात तरी 'पाण्यापासून वंचित' एवढ्यावर थांबू नका; 'पाणी अडवणारे', 'वाट बंद करणारे' असे लिहा, आणि पुढे त्यांची नावे.