भुरक्याची बाजू

जेवताना तोंडाचा आवाज करू नये, हा नियम ज्या कुणी केला त्याने जन्मात कढत आमटी खाल्लेली नसावी, असं माझं जुनं मत आहे. घरात ते कोणी ऐकून घेत नाही. पण गेल्या वर्षी आम्ही उभयता भाच्याकडे तोक्योला गेलो आणि माझ्या मताला परदेशी चलनाचा आधार मिळाला.

एका रविवारी भाच्याने आम्हाला योकोहामाला नेलं. तिथे शिन-योकोहामा स्टेशनजवळ १९९४ साली उघडलेलं रामेनचं म्युझियम आहे. रामेन म्हणजे रश्श्यातल्या लांबच लांब शेवया. म्युझियम म्हटल्यावर त्या काचेआडून बघायच्या, अशी माझी समजूत. तर तळघरात चक्क १९५८ सालचं तोक्यो उभं केलेलं! जुन्या पाट्या, मिणमिणते दिवे, तिन्हीसांजेचं रंगवलेलं आभाळ आणि बोळाबोळांतून रामेनची खरीखुरी दुकानं. १९५८च का? तर त्याच साली मोमोफुकु आंदो यांनी झटपट रामेन बाजारात आणलं. आपल्याकडच्या दोन मिनिटांवाल्या शेवयांचे हे आजोबा.

दाराशी यंत्र. पैसे टाका, तिकीट घ्या, आत द्या. मी बँकेत पितळी टोकनं वाटत होतो तेही हेच काम. फक्त यंत्र गिऱ्हाइकावर खेकसत नाही. एकाहून अधिक दुकानं चाखता यावीत म्हणून छोटा वाडगाही मिळतो. आम्ही साप्पोरोकडच्या मिसोचे तीन छोटे वाडगे घेतले.

आणि आत शिरलो तर काय, सुर्र, सुर्र, सुर्र! टाय लावलेले, लिपस्टिक लावलेल्या, शाळकरी पोरं, सगळे एका सुरात. भाचा म्हणाला, "मामा, इथे चालतं." चालतं काय, तेच शहाणपणाचं आहे! रस्सा उकळता, शेवया रेंगाळल्या की फुगणार. हवेसकट ओढल्या की तोंड पोळत नाही आणि वासही नाकात भरतो. आमटीच्या भुरक्याचं शास्त्र याहून निराळं आहे का? आपण तर त्या आवाजाला शब्दही दिला. मग काटेचमचेवाल्यांनी डोळे वटारले आणि आपण शब्द कोशात ठेवून भुरका हद्दपार केला. आता हेच लोक जपानहून परत येऊन "काय त्यांची संस्कृती!" म्हणतात. (ढेकरेची वकिली मी करत नाही. ते प्रकरण वेगळं.)

पण या खटल्यात मी फिर्यादी नाही, आरोपी आहे. नोकरीत कायम झालो तेव्हा मॅनेजरसाहेबांना जेवायला बोलावलं होतं. बाबांनी वाटी उचलून आमटीचा पहिला भुरका मारला. मी हळूच म्हणालो, "बाबा, आवाज." त्यांनी वाटी खाली ठेवली, आमटी भातावर ओतली आणि मुकाट जेवले. त्यानंतर ते नऊ वर्षं होते. पुन्हा कधी भुरका ऐकू आला नाही.

शेजारच्या बाकावर एक म्हातारबुवा जोरात ओढत होते. त्यांच्यासोबतचा माझ्या वयाचा गृहस्थ मान वर न करता आपला वाडगा संपवत होता.

मीही वाडगा तोंडाला लावला.

"अहो, हळू," सौ. म्हणाली.

मी भाच्याला आणखी एक तिकीट काढायला पाठवलं.