पाच पायऱ्या आणि वीतभर दोरी

मला कल्पना सुचत नाहीत, असं माझं स्वतःबद्दल प्रामाणिक मत आहे. सौभाग्यवतींचंही तेच मत असल्यामुळे निदान या एका विषयावर आमच्या घरात एकवाक्यता आहे. शिवाय मी पडलो बँकेतला कारकून. रोकड मोजताना ज्याला कल्पना सुचतात, त्याची खातेनिहाय चौकशी होते.

अशा माणसाला बँकेने गेल्या वर्षी 'सृजनशील विचार आणि डिझाइनची प्रक्रिया' या शिबिराला धाडलं. दुसरा शनिवार आणि त्याला लागून आलेला रविवार. म्हणजे सृजन बँकेचं आणि सुट्टी आमची.

तिथे कळलं की नवीन काही सुचण्याच्या पाच पायऱ्या असतात. समोरच्याची अडचण समजून घ्यायची, प्रश्न नेमका मांडायचा, कल्पना काढायच्या, नमुना बनवायचा आणि तो वापरून बघायचा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने या पायऱ्या गाजवल्या आणि आता त्या आमच्यासारख्यांच्या शिबिरापर्यंत उतरल्या आहेत. मला फार बरं वाटलं. पर्वतीला शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात, इथे पाचांतच देव भेटणार होता.

आम्हाला प्रश्न दिला होता तो नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या पेन्शनरांच्या रांगेचा. पहिल्या पायरीला सरांनी डोळे मिटायला लावले. म्हणाले, "आता तुम्ही सत्तर वर्षांच्या आजी आहात." मी झालो. वातानुकूलित हॉलमध्ये दोन बिस्किटं खाऊन आजी होणं मुळीच अवघड नाही. खऱ्या आजी शाखेत मिळाल्या असत्या, पण शाखा बंद होती.

तिसऱ्या पायरीला ४५ मिनिटं आणि पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा मिळाला. आमच्या टेबलाने ६३ कल्पना काढल्या. त्यांत रांगेतल्यांसाठी भावगीतं होती, माशांची काचपेटी होती आणि एकाला तर चहा हवा होता, तीही चिठ्ठी भिंतीवर लागली. चौथ्या पायरीला खोकं आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन आम्ही शाखा बांधली. पाचव्या पायरीला विभागीय साहेबांनी एका काडीला बोट लावून पाहिलं. काडी पडली नाही. टाळ्या!

महिन्याभरात शाखेत टोकनचं यंत्र आलं. बिल माझ्याच टेबलावरून गेलं, म्हणून कळलं की त्याची ऑर्डर शिबिराच्या तीन आठवडे आधीच गेली होती.

आता शिबिरवाले म्हणतील, पायऱ्या बरोबर आहेत, तुम्ही चढलात चुकीच्या. त्या पुढेमागे चढता-उतरता येतात, हे खुद्द स्टॅनफर्डवालेच सांगतात. पण मग त्यांना पायऱ्या कशाला म्हणायचं? आणि ज्या पिवळ्या चिठ्ठीवर हा सगळा संसार उभा आहे, तिची तरी जन्मकथा बघा. थ्री एम कंपनीतला स्पेन्सर सिल्व्हर १९६८ साली जबरदस्त गोंद करायला बसला होता. झाला तो असा, की धड चिकटेना आणि चिकटला तर सहज सुटून येई. उत्तर तयार, प्रश्नाचा पत्ता नाही! पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्रायला चर्चमध्ये गाताना एक अडचण आली. स्तोत्रांच्या पुस्तकात खुणेला घातलेले कागद सारखे गळून पडत. त्याला तो गोंद आठवला. चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या १९८० साली. म्हणजे १२ वर्षं, पायऱ्या उलट्या आणि अडचण ज्याची त्याचीच.

बरं, पायऱ्यांचं वेड नवीन नाही. ग्रॅहम वॉलस या इंग्रज प्राध्यापकाने १९२६ सालीच विचारांच्या चार अवस्था सांगितल्या होत्या. तयारी, उबवण, साक्षात्कार आणि पडताळणी. यातली उबवण म्हणजे प्रश्न बाजूला ठेवून भलत्याच उद्योगाला लागणं. आजच्या पाच पायऱ्यांतून नेमकी हीच गळली आहे. अंडं उबवायला कोंबडीलासुद्धा २१ दिवस मिळतात, आम्हाला ४५ मिनिटं! शिवाय चौघांनी एकत्र बसून कल्पना काढल्या की जास्त निघतात, हा समजही पक्का नाही. येल विद्यापीठात १९५८ साली हे मोजून पाहिलं, तर वेगवेगळं बसलेल्या चौघांच्या मिळून कल्पना जास्त भरल्या.

मी कॉमर्सवाला आहे, मला एवढंच कळतं. आधी व्यवहार होतो, मग व्हाउचर बनतं आणि त्यावरून खातेवहीत नोंद होते. पायऱ्या ही विचारांची संध्याकाळची नोंद आहे. तीच सकाळी आधी लिहून ठेवली तर आमच्याकडे तिला अफरातफर म्हणतात.

आमच्या शाखेत एक शिपाईमामा आहेत. शिबिर लिपिक आणि अधिकाऱ्यांसाठी असल्यामुळे त्यांना बोलावणं नव्हतं. यंत्र आलं, तरी रांग होती तेवढीच राहिली. पूर्वी म्हातारी माणसं रिकाम्या हातांनी उभी राहत, आता टोकन घेऊन उभी राहू लागली. एक दिवस मामा मला म्हणाले, "साहेब, रांग काउंटरला अडत नाही, पेनाला अडते. पेन एक, त्याची दोरी वीतभर. निम्म्यांचा चष्मा घरी राहिलेला. फॉर्म भरायचा कसा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड रूममधलं पडीक टेबल खिडकीशी मांडलं, चार खुर्च्या टाकल्या, हातभर दोरीची चार पेनं बांधली आणि फूटपाथवरून आणलेले वाचायचे दोन चष्मेही दोरीला बांधून ठेवले. दुपारी दोनपर्यंत चालणारी रांग साडेबाराला संपली.

"मामा, हे सुचलं कसं?"

"सुचायचंय काय त्यात? अकरा वर्षं बघतोय."

"मग बोलला नाहीत ते?"

"विचारलं कुणी?"

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन नवरा-बायको डिझाइनमधले मोठे जाणकार. १९५८ साली भारत सरकारसाठी अहवाल लिहिताना त्यांनी सर्वांत जास्त वाखाणला तो आपला तांब्या! भरताना, उचलताना, ओतताना तो हाताला कसा बसतो याचा विचार त्यांनी केला आणि म्हटलं की हे कुणा एकट्याचं काम नव्हे, पिढ्यान् पिढ्यांनी तो घडवलाय. त्याच अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. तांब्या घडवणाऱ्यांनी एकही चिठ्ठी भिंतीवर लावलेली नव्हती. त्यांनी तो रोज वापरला होता.

पायऱ्या मोडा असं मी म्हणत नाही. पहिली पायरी नोव्हेंबरात, रांगेत उभं राहून चढा. पाचवीला साहेबांचं नको, आजींचं बोट लावा. मधे थोडं उबवू द्या. आणि कृपा करून ऑर्डर शेवटी द्या.

पुढे शाखेची तपासणी झाली. मामांचं टेबल 'विनापरवाना फर्निचर' ठरून रेकॉर्ड रूममध्ये परत गेलं आणि यंत्राचा फोटो बँकेच्या मासिकात आला. परवा एक आजी माझ्या काउंटरवर आल्या. "बाळा, तो दोरीचा चष्मा होता, तो कुठे गेला रे?"

मला उत्तर देता येईना. मी माझी चाळिशी काढून पुढे केली. त्यांचा फॉर्म भरून होईपर्यंत मला समोरचं अक्षर दिसत नव्हतं. आमच्या वरिष्ठांना कायम कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. पहिली पायरी म्हणतात ती बहुधा हीच असावी.