रोपे विकायची तर हिशेब बोला

आपले काही सभासद-बंधू उसाची रोपवाटिका चालवतात. तालुक्याच्या खत-बियाणे दुकानदारांच्या बैठकीत बोलायची संधी मिळाली, की निम्मा वेळ सत्कार अन् आभारातच जातो. आम्हाला हे पटत नाही. दुकानदाराला हिशेब हवा. पाच फुटी सरीत दीड फुटावर लागण केली, तर एकरी सुमारे ५,८०० रोपे लागतात, हे सांगा. को ८६०३२ चे बेणे कुठल्या मळ्यातले, किती महिन्यांचे, तेही सांगा. सोबत ट्रे न्या, रोप उपसून पांढरी मुळी दाखवा. मर झाली तर भरपाई कोण देणार, हे त्यांनी विचारायच्या आतच बोलून टाका. नाहीतर गिऱ्हाईक हातचे जाते अन् वय झालेली रोपे ट्रेमध्येच मुळ्या गुंडाळून बसतात.